‘मन लागत नाही’: उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मी मूळची सांगलीची. मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात चौदा वर्षं अ‍ॅकॅडमिक अ‍ॅडव्हायझर म्हणून काम करते. विद्यार्थ्याने कोणते विषय घ्यावेत, कोणता सोडावा, नापास झाला तर पुढचा रस्ता कोणता, हे माझं रोजचं काम. आमच्या गावच्या मंडळाची मी जुनी सभासद आहे आणि गणपतीत दर वर्षी प्रसादाच्या टेबलावर उभी असते. त्यामुळे हे पत्र बाहेरच्या माणसाचं नाही. घरच्या माणसाने हक्काने काही मागावं तसं मी इथे शिकणाऱ्या आपल्या मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी मागते आहे.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. मराठवाड्यातून एमएस करायला आलेला एक मुलगा तीन आठवडे वर्गात दिसला नाही, असं त्याच्या प्राध्यापकांनी मला कळवलं. मी त्याला दोन ईमेल पाठवले, कार्यालयीन इंग्रजीत, सगळ्या फोन नंबरांसकट. उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी मराठीत एवढंच लिहिलं, ‘जेवलास का?’ अर्ध्या तासात उत्तर आलं, ‘नाही मॅडम.’

दुसऱ्या दिवशी तो आला. बाहेर गारठा पडला होता आणि याच्या अंगात पातळ विंडचीटर. खुर्चीत बसून तो बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, मन लागत नाही.” आणि त्याच दमात, “हे माझ्या व्हिसाच्या रेकॉर्डवर जाईल का?”

हळूहळू कळत गेलं. वडिलांनी साडेतीन एकर तारण ठेवून कर्ज काढलेलं. दर रविवारी घरी व्हिडिओ कॉल असतो. खोलीतल्या एका भिंतीपाशीच बसून तो बोलतो, कारण तेवढाच कोपरा आवरलेला आहे. आई विचारते, कसा आहेस. हा म्हणतो, मजेत. आई म्हणते, वाळलास रे. हा म्हणतो, कॅमेरा तसा आहे. तीन आठवडे त्याने ब्रेड आणि मॅगीवर काढले होते. झोप पहाटे पाचला लागायची आणि उठावंसं दुपारीही वाटायचं नाही.

मी त्याला घेऊन समुपदेशन केंद्रात गेले. तिथे पहिल्या भेटीआधी एक फॉर्म भरून घेतात. नऊ प्रश्न असतात: गेल्या दोन आठवड्यांत असं असं किती वेळा वाटलं? चार पर्याय, ‘अजिबात नाही’पासून ‘जवळजवळ रोज’पर्यंत. झोप आणि भूक या दोन प्रश्नांना त्याने ‘जवळजवळ रोज’वर खूण केली. निराश, हताश वाटलं का, या प्रश्नाला ‘अजिबात नाही’. तो खोटं बोलत नव्हता. हताश हा शब्द आपण अग्रलेखात वाचतो, स्वतःबद्दल कोण वापरतं? आपल्याकडे मन लागत नाही, जीव रमत नाही, डोकं जड होतं, पोटात खड्डा पडतो, छातीत धडधडतं. तेवढंच म्हणतो आणि ऐकणाऱ्या आईला, मावशीला, शेजारणीला बरोबर कळतं की पोराचं काही ठीक नाही. फॉर्मला ते कळत नाही. गुण कमी भरले, तातडीच्या यादीत नाव लागलं नाही, आणि पुढची भेट तीन आठवड्यांनंतरची मिळाली.

मी त्या केंद्राला दोष देत नाही. तिथली माणसं मनापासून काम करतात आणि त्यांच्यावर कामाचा बोजा फार आहे. पण हा फक्त एका मुलाचा अनुभव नाही, हे तुम्हाला कळावं म्हणून दोन आकडे सांगते. ‘हेल्दी माइंड्स’ हा अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याचा एक मोठा अभ्यास. त्यात 2012 ते 2015 या काळात 60 शिक्षणसंस्थांतल्या 43,375 विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्रासाची स्पष्ट लक्षणं असलेल्या आशियाई विद्यार्थ्यांपैकी जेमतेम 20 टक्के उपचार घेत होते. सगळ्या वांशिक गटांत हे प्रमाण सर्वांत कमी होतं. पुढे 2013 ते 2021 या वर्षांची, 373 कॅम्पसवरची माहिती एकत्र केली तेव्हा असं दिसलं की आशियाई, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो विद्यार्थ्यांचं उपचाराचं प्रमाण ज्या वर्षी सर्वांत जास्त होतं, त्या वर्षीही ते गोऱ्या विद्यार्थ्यांच्या सर्वांत कमी असलेल्या वर्षाच्या पुढे गेलेलं नाही. त्रास मात्र सगळ्यांचाच वाढतो आहे.

इथे ‘स्टुडंट्स ऑफ कलर’, म्हणजे गोरे नसलेले विद्यार्थी, म्हणतात त्यात आपली मुलं येतात. हे वाक्य मी मंडळातल्या गप्पांमध्ये कधी ऐकलेलं नाही. आपण स्वतःला त्या रांगेत धरतच नाही. आपली मुलं हुशार, त्यांचं काय बिघडणार, असं आपण धरून चालतो. प्राध्यापकही तेच धरून चालतात. मागच्या बाकावर गप्प बसलेला भारतीय मुलगा म्हणजे अभ्यासू मुलगा, त्याच्याकडे लक्ष द्यायचं कारण नाही. ‘आदर्श अल्पसंख्याक’ हा शिक्का आपण कौतुकाने कपाळावर लावून घेतला, आणि आता पोराला मदत मागायची वेळ आली की तोच आड येतो.

इथे जन्मलेल्या मुलांचं दुखणं निराळं. एक मुलगी माझ्याकडे विषय बदलायला आली आणि रडायला लागली. तिची आजी कोल्हापूरला वारली होती, सत्र चालू होतं, जाता आलं नाही. ती समुपदेशकाकडे गेली होती. त्यांनी तिसऱ्याच मिनिटाला विचारलं, घरी लग्नासाठी दडपण आहे का? ती मला म्हणाली, “मी आजीबद्दल बोलत होते. ते भारतीय मुलीबद्दल ऐकत होते.” पुन्हा ती तिथे गेली नाही. 2015 साली अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आकडेवारीप्रमाणे देशातले 86 टक्के मानसशास्त्रज्ञ गोरे होते. गोरा समुपदेशक वाईट असतो असं मी अजिबात म्हणत नाही. पण आजी म्हणजे काय हेही ज्याला आधी समजावून सांगायला लागतं, त्याच्यापुढे रडायला मुलांना अवघड जातं.

कृष्णवर्णीय मुलांची भीती वेगळीच, आणि ती आपल्याला ठाऊकच नसते. रात्री अकराला एखादा विद्यार्थी फोन उचलत नाही म्हणून काळजीने कुणी कळवलं, तर खोलीवर पुष्कळदा पोलीस जातात. “मला बरं वाटत नसताना दारात वर्दीतला माणूस बघायची माझी तयारी नाही, म्हणून मी कुणाला सांगतच नाही,” हे एका विद्यार्थ्याने मला शांतपणे सांगितलं. मी चौदा वर्षं हेच काम करते आणि हा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

इथे मला माझ्या घरचं सांगायचं आहे, कारण ते लपवून तुम्हाला उपदेश करणं बरोबर होणार नाही. माझी मुलगी दुसऱ्या राज्यात शिकायला गेली. रूममेटचं नाव आलं तेव्हा मी विचारलं, “कुठली आहे गं?” लेकीला प्रश्नाचा अर्थ कळला. ती म्हणाली, “डेट्रॉइटची आहे आई, आणि हो, ब्लॅक आहे.” मी काही बोलले नाही, पण माझं न बोलणंही तिला ऐकू आलं. दुसऱ्या सत्रात माझी मुलगी खचली. मला ते चार महिन्यांनी समजलं. मधल्या काळात तिला उठवून जेवायला नेणारी, तिच्या पलंगाशेजारी जमिनीवर बसून स्वतःचा अभ्यास करणारी, ती डेट्रॉइटची मुलगी होती. ती तिला दर शुक्रवारी एका घरी घेऊन जायची. तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमधल्या दोन निवृत्त नर्स विद्यार्थ्यांना जेवायला बोलावत. मोठं टेबल, भरपूर जेवण, आणि जेवणानंतर भांडी घासताना कुणी ना कुणी मन मोकळं करायचं. त्याला समुपदेशन असं कुणी म्हणत नव्हतं. पण एखादं पोर जास्तच बिघडलंय असं दिसलं की त्या नर्सबाई सोमवारी सकाळी त्याचा हात धरून केंद्रात नेत, आणि नंबर लागेपर्यंत सोबत बसत.

मी त्या घरी जाऊन आले. परतीच्या प्रवासात माझ्या डोक्यात एकच विचार होता, की हे सगळं आपल्याकडेही आहे. हॉल आहे, स्वयंपाकाची मोठी भांडी आहेत, निवृत्त डॉक्टर आणि नर्स आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. 1981 पासून बृहन्महाराष्ट्र मंडळ या खंडभरच्या मराठी माणसांना एकत्र बांधून आहे. आणि विद्यार्थ्यांशी आपला संबंध काय? गणपतीत खुर्च्या उचलायला पोरं हवीत, तेव्हा आपण त्यांना फोन करतो.

आपल्याकडे याचा जुना दाखला आहे. 1883 साली आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. वय अठरा, नवऱ्याची सोबत नाही, अंगावर लुगडं, थंडीची सवय नाही, ताटात मांस नाही. कॉलेजात त्या सगळ्यांच्या नजरेत भरणाऱ्या. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या. पदवी त्यांच्या बुद्धीची आणि जिद्दीची, पण त्या टिकल्या त्यात न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंचा वाटा मोठा. मासिकात छापलेलं एक पत्र वाचून या बाईंनी अनोळखी मुलीशी पत्रव्यवहार सुरू केला, तिला स्वतःच्या घरी उतरवून घेतलं, आणि आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पुढे आनंदीबाई पुण्यात वारल्या तेव्हा बाविसाव्या वाढदिवसालाही महिनाभर होता. त्यांची रक्षा कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे ठेवली आहे. तुमच्यापैकी बरेच जण तिथे जाऊन आले असतील. मी गेले तेव्हा त्या दगडापेक्षा भोवतालच्या कार्पेंटर आडनावाच्या दगडांकडेच जास्त वेळ बघत राहिले.

आता व्हिसाचं. हे प्रत्येक मंडळाने पाठ करावं, कारण या एका अज्ञानापायी मुलं महिनोन्‌महिने कुढत बसतात. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर पूर्ण विषय घ्यावे लागतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण आजारपणामुळे विषय कमी करण्याची, गरज पडली तर एका सत्रात एकही विषय न घेण्याची सोय नियमातच आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यात मानसिक आजारही येतो. एका पदवीच्या काळात अशी सवलत एकूण बारा महिन्यांपर्यंत मिळू शकते. त्यासाठी डॉक्टरांचं किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं पत्र लागतं, आणि विषय सोडण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची मंजुरी लागते. आधी, नंतर नाही. मुलं घाबरून आधी विषय सोडतात, मग कार्यालयात जातात, आणि तिथे खरोखरच स्टेटस धोक्यात आलेलं असतं. त्या मराठवाड्यातल्या मुलाचे दोन विषय आम्ही या नियमाने रीतसर सोडवले. मंजुरीचा कागद हातात आला तेव्हा तो पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकून बसला.

आणखी एक आडवळण. समुपदेशकाचं लायसन्स राज्यापुरतं असतं. डिसेंबरच्या सुट्टीत मुलगा काकाकडे न्यू जर्सीला गेला, की इथल्या समुपदेशकाला त्याच्याशी फोनवरसुद्धा सत्र घेता येत नाही, असं बऱ्याचदा होतं. म्हणजे सणावाराला, एकटं वाटायच्या नेमक्या दिवसांत, आधार तुटतो. त्यातून बऱ्याच केंद्रांत भेटींची संख्या ठरलेली. ती संपली की बाहेरच्या थेरपिस्टकडे पाठवतात, आणि तिथे विम्याखेरीज दर भेटीला खिशातून पैसे जातात. लिंबू महाग म्हणून वरणात पिळत नाही, असं सांगणारी मुलं मी बघितली आहेत. ती थेरपीला पैसे कुठून काढणार?

महाराष्ट्रातल्या पालकांचे मला फोन येतात. “मुलगा बोलत नाही, तुम्ही सांगा काय चाललंय.” 1974 च्या कायद्यामुळे विद्यार्थ्याच्या संमतीशिवाय मी त्याच्या शिक्षणाची माहिती देऊ शकत नाही, अगदी जिवाला धोका असेल तर गोष्ट वेगळी. पालक हिरमुसून फोन ठेवतात. त्यांना कुणीतरी मराठीत सांगायला हवं की कायदा मला बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून अडवत नाही. तुमचा मुलगा दहा दिवस नीट बोलला नाही, त्याच्या मावसभावाला त्याने विचित्र मेसेज पाठवला, हे तुम्ही आम्हाला जरूर कळवा. आम्ही त्याच्या दारापर्यंत जाऊ. हे काम मंडळं करू शकतात. महिन्यातून एकदा, भारतातल्या संध्याकाळी, पालकांसाठी तासाभराचा व्हिडिओ कॉल.

जातीबद्दलही लिहायला हवं. नवीन आलेल्या एका विद्यार्थ्याला मी आपल्याच एका कार्यक्रमाला पाठवलं होतं. परत आल्यावर तो म्हणाला, “आडनाव विचारलं. मग गाव विचारलं. मग आणखी दोघांनी येऊन पुन्हा आडनाव विचारलं.” तो परत कधी आला नाही आणि मीही आग्रह केला नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने 2019 साली आणि कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने 2022 साली, आपल्या तेवीसही कॅम्पससाठी, भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. तो उगाच नव्हे. 1913 साली न्यूयॉर्कला उतरलेल्या बाबासाहेबांनी कोलंबियातल्या वर्षांत समतेची वागणूक अनुभवली, असं आपण अभिमानाने सांगतो. शंभर वर्षांनंतर त्यांच्याच वाटेने आलेल्या मुलाला आपल्या मांडवात अंग चोरून उभं राहावं लागत असेल, तर त्याच्या मनाच्या आजाराला आपणही एक कारण आहोत. वर्णद्वेषाबद्दल विद्यापीठांना जाब विचारताना माझी जीभ इथेच अडखळते.

दिवस तर असे आहेत की विद्यापीठांवर सगळं सोडून चालणार नाही. टेक्सासमध्ये जानेवारी 2024 पासून सरकारी विद्यापीठांतल्या विविधतेच्या कार्यालयांवर बंदी घालणारा नवा कायदा लागू झाला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठातलं बहुसांस्कृतिक केंद्र बंद झालं. 2025 च्या वसंतात हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदी सरकारी यंत्रणेतून अचानक रद्द झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्यावर पुष्कळांच्या परत आल्या. ते तीन आठवडे माझ्या कार्यालयात मुलं फक्त येऊन बसत. विचारायला काही नसायचं. दार उघडं असलेली एक खोली त्यांना हवी होती.

तर माझं मागणं असं. ऑगस्टमध्ये, सत्र सुरू होताना, प्रत्येक मंडळाने जवळच्या विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना जेवायला बोलवावं. तिकीट नको, भाषण नको, स्वयंसेवकांची नोंदणी तर नकोच. रूममेट कुठल्याही देशाचा, कुठल्याही रंगाचा असो, त्यालाही घेऊन या असं आवर्जून लिहावं. आणि हे जेवण दर महिन्याला व्हावं, कारण एकदा भेटलेल्या माणसाला कुणी ‘मन लागत नाही’ म्हणत नाही. मराठी बोलणाऱ्या थेरपिस्टांची यादी करावी, कुणाचं लायसन्स कुठल्या राज्याचं हे त्यात स्पष्ट असावं. दर वर्षीच्या शिलकीतून थोडी रक्कम बाजूला ठेवावी, ज्यातून विद्यार्थ्याच्या थेरपीचे वरचे पैसे भागतील आणि नाव दोन माणसांपलीकडे जाणार नाही. तुमच्यात विद्यापीठांचे माजी विद्यार्थी आहेत, देणगीदार आहेत. तुमच्या पत्राला कुलगुरू उत्तर देतात, माझ्या नाही. ते पत्र लिहा. नवीन विद्यार्थ्यांच्या पहिल्याच आठवड्यात आजारपणातल्या सवलतीचा नियम सांगा, विविध भाषा आणि समाजांतले समुपदेशक नेमा, आणि रात्री काळजीपोटी दारावर जायचं तर पोलिसांआधी समुपदेशक जाऊ द्या, असं त्यात मागा. ते शेवटचं मागणं कृष्णवर्णीय विद्यार्थी संघटना अनेक ठिकाणी एकट्याने लढवत आहेत. आपली सही त्यांच्या शेजारी असू द्या.

कार्पेंटर मावशींसारखं काम इथे याआधी एका दुःखी घराने उभं केलं आहे. स्टीफन रोझ हा हार्वर्डमधून शिकलेला कृष्णवर्णीय तरुण गेल्यावर त्याच्या कुटुंबाने 2014 साली गोरे नसलेल्या विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी स्टीव्ह फंड सुरू केला, आणि 2017 मध्ये तरुणांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या जेड फाउंडेशनसोबत विद्यापीठांसाठी दहा शिफारशी काढल्या. त्या आपल्या मुलांनाही जशाच्या तशा लागू पडतात. कार्यकारिणीच्या बैठकीआधी त्या वाचाव्यात अशी विनंती आहे.

आणि मानसिक आधाराच्या हेल्पलाइनचे दोन नंबर प्रत्येक कार्यक्रमाच्या पत्रिकेवर छापा, प्रायोजकांच्या वर. अमेरिकेत 988, फोन किंवा मेसेज, दिवसरात्र. तो जुलै 2022 पासून आहे. भारतातल्या घरच्यांसाठी टेलि-मानस, 14416, मराठीतही बोलता येतं.

आमच्या गावचं पहिलं जेवण मी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी ठरवलं आहे. मंडळाने हॉल द्यावा, पिठलं-भात मी करते. त्या मुलाला विचारलं, येशील का. या सत्रात त्याने दोन विषय घेतले आहेत, झोप अजून पूर्ण आलेली नाही, पण रविवारी आईशी बोलताना तो आता खिडकीपाशी बसतो. म्हणाला, “येतो मॅडम. बोलणार नाही. पण दाराशी थांबतो, नवीन कुणी आलं तर जेवलास का विचारायला.”

कळावे, लोभ असावा.

आपल्या मंडळाची एक सभासद